उठायचं नाही

मे महिन्यात रत्नागिरीत घराघरांतल्या माळ्यावरचे कॅरम बोर्ड खाली येतात. मुंबईहून आलेली पोरं पडवीत बोर्ड मांडतात, बोरिक पावडर भुरभुरतात आणि काकूलाही ओढून बसवतात. काकू असा काही कट मारते की पोरं गप्प! पण राणी घेऊन झाली, कव्हर बाकी आहे, तेवढ्यात आतून कुणीतरी चहा मागतं. "माझा तू मार गं," म्हणत काकू उठते. कव्हर अर्थातच चुकतं.

स्पर्धेच्या कॅरममध्ये हे चालत नाही. पंचांच्या परवानगीशिवाय खुर्ची सोडायची नाही, डाव चालू असताना ती सरकवायचीही नाही. 25 गुणांचा किंवा आठ बोर्डांचा एक गेम, आणि तीनपैकी दोन जिंकायचे. राष्ट्रीय स्पर्धेच्या महिला एकेरीत बसलेल्या बाईला तेवढा वेळ कुणी हाक मारू शकत नाही. मला तर चषकापेक्षा याचंच अप्रूप वाटतं.

राज्य अजिंक्यपद मिळवणारी आकांक्षा कदम आपल्या रत्नागिरीचीच. बिहारची रश्मी कुमारी विश्वविजेती झाली. चेन्नईतल्या रिक्षाचालकाची मुलगी काझिमा 2024 साली अमेरिकेतल्या विश्वचषकातून तीन सुवर्णपदकं घेऊन आली. या सगळ्या जणी तासन् तास बसल्या आहेत, म्हणून तिथवर गेल्या. स्ट्रायकर जेमतेम 15 ग्रॅमचा. त्याला बोटाने किती जोर द्यायचा, हे पुस्तकात वाचून येत नाही. त्यात कोकणातला पाऊस. हवा दमट झाली की पावडर धरते, बोर्ड जड होतो आणि काल बरोबर बसलेला फटका आज पॉकेटच्या अलीकडेच थांबतो. मग पुन्हा बसायचं, पुन्हा मारायचं.

घरच्यांना मात्र यातलं फक्त बसणं दिसतं. मुलगा मंडळाच्या खोलीत रात्री बारापर्यंत बोर्डावर असला तर तो 'खेळतो'. मुलगी तासभर बसली की ती रिकामी आहे असं धरून तिला काम सांगायचं. धावण्याच्या खेळात निदान घाम तरी दिसतो. इथे तोही पुरावा नाही.

बाईच्या खेळाला जागा मिळते कशी, ते कॅरमच्या एका चुलतभावात दिसतं. कर्लिंग हा जणू बर्फावरचा कॅरमच. सुमारे वीस किलोचा ग्रॅनाइटचा दगड घसरवायचा आणि प्रतिस्पर्ध्याचा दगड उडवायचा. कॅनडातली महिलांची राष्ट्रीय कर्लिंग स्पर्धा 1982 पासून एका टिश्यू पेपरच्या ब्रँडच्या नावाने भरते. (घरकामाने तिथेही पाठ सोडलेली नाही म्हणायची!) पण 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये त्याच कॅनडाच्या संघात क्रिस्टी मूर राखीव खेळाडू होती, पाच महिन्यांची गरोदर असताना. संघाने रौप्यपदक मिळवलं.

आपल्याकडे मुलीच्या शिकवणीचं वेळापत्रक फ्रीजवर चिकटवलेलं असतं. त्या वेळात तिला कुणी गिरणीवर पिटाळत नाही. कॅरमच्या सरावाची वेळही त्याच कागदावर लिहून टाकावी. सहा ते आठ, कॅरम. दळण त्या वेळात मुलाने आणावं, नाहीतर बाबांनी.