‘विषमता’ म्हणजे नेमके काय?

इंग्रजी माध्यमात शिकणारी आपली मुले शब्बाथशाळेत येतात तेव्हा ‘इनइक्वॉलिटी’ व ‘इनइक्विटी’ या दोन शब्दांपाशी अडखळतात. दोहोंना ‘विषमता’ म्हणून आपण पुढे जातो. येथे घाई करू नये असे आम्हांस वाटते. पहिल्या शब्दात केवळ माप आहे. दुसऱ्यात निवाडा आहे.

दोन भावांची उंची सारखी नसते, ही पहिली. एकाच्या ताटात मुद्दाम कमी वाढले, तर ती दुसरी. गणनेच्या २६व्या अध्यायात मोठ्या वंशाला मोठे वतन व लहानाला लहान, अशी वाटणी सांगितली आहे. हिस्से असमान, पण अन्याय नाही. लगेच पुढच्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहतात. बापाला मुलगा नव्हता, एवढ्यावरून त्याचे नाव कुळातून नाहीसे व्हावे काय, असे त्या विचारतात. आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे असा परमेश्वराचा निर्णय होतो. तेथे नुसता फरक नव्हता, रीतच वाकडी होती.

जुन्या इंग्रजी शास्त्रात पानोपानी येणारा ‘इनिक्विटी’ हा याच घरातला. त्याला आपण अधर्म म्हणतो. मुले त्याची ‘इनइक्विटी’शी गल्लत करतात, पण त्यांना हसू नये, दोन्ही शब्दांचे मूळ एकच. लॅटिन ‘ऐक्वुस’ म्हणजे सपाट, समतल, आणि त्यावरून न्याय्य. त्याच्या उलट शब्द रोमन लोक उंचसखल जमिनीलाही लावीत. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात तर यहेज्केल १८:२५ येथे न्याय्य व अन्याय्य मार्गांसाठी ‘इक्वल’ आणि ‘अनइक्वल’ हेच शब्द घातले आहेत.

हे नाते आपण विसरलो. अधर्म म्हटले की दारू, जुगार, शिवीगाळ एवढेच डोळ्यांपुढे येते. वाकडा तराजू आपण अर्थशास्त्रज्ञांकडे सोपवून मोकळे झालो. यरुशलेमेतील पहिल्या मंडळीने तसे केले नाही. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होते अशी कुरकुर उठली, तेव्हा त्या कामासाठी सात माणसे निवडण्यात आली (प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६).

मात्र सारखे माप म्हणजे न्याय, असेही नाही. आणि सारखे माप नेहमी चुकीचे, असेही नाही. निर्गमाच्या ३०व्या अध्यायात श्रीमंत व गरीब दोघांना अर्धाच शेकेल सांगितला आहे, कारण तो जिवाच्या खंडणीचा होता. मंडळीच्या वर्गणीचे तसे आहे काय? पेन्शनीवर जगणारी विधवा व बँकेतील अधिकारी यांची वर्गणी सारखीच. ती थकली म्हणून विधवेचे नाव मतदारयादीतून गेले. आकडा सर्वांना एकच होता, म्हणून येथे ‘इनइक्वॉलिटी’ लिहिता येणार नाही. मुलांनी हे उदाहरण काढले, तर आम्ही फळ्यावर दुसरा शब्द लिहू.