पडलेलें दान

खेळाच्या नियमांत नीतिशास्त्राचा प्रश्न शोधणें हा रिकामटेकडेपणा आहे, असें पुष्कळांस वाटेल. परंतु न्यायाची पहिली ओळख मनुष्यास होते ती न्यायमंदिरांत नव्हे, तर अंगणांत. 'हा रडीचा डाव' म्हणून ओरडणाऱ्या मुलानें कोणताहि ग्रंथ वाचलेला नसतो. तेव्हां एका परदेशीय खेळाच्या प्रारंभींच उठणारा एक वाद आम्ही वाचकांपुढें मांडला, तर तें अगदींच अस्थानीं होणार नाहीं, अशी आशा आहे.

अमेरिकेंत १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा खेळ प्रसिद्ध झाला. यांत रूढ अर्थानें हार-जीत नाहीं. चारपांच मंडळी टेबलाभोंवतीं बसतात. एकजण गोष्ट चालवितो व पंचाचें कामहि करितो. बाकीचे एकेका पात्राचें सोंग घेऊन, पुढें आलेल्या संकटांत आपलें पात्र काय करील तें सांगतात. सोंग घेण्यापूर्वीं मात्र त्या पात्राचा पिंड ठरवावा लागतो. बळ, बुद्धि, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि लोकांवर पडणारी छाप असे सहा गुण मानलेले आहेत. प्रत्येकासाठीं तीन फासे टाकावयाचे. ठिपक्यांची बेरीज हा त्या गुणाचा अंक. तीन फाशांचें दान २१६ प्रकारांनीं पडूं शकतें. त्यांपैकीं अठराचा अंक देणारा प्रकार एकच, तर दहा किंवा अकरा देणारे चौपन्न. मध्यम विपुल व असामान्य विरळा, हा सृष्टीचाच क्रम येथें उतरला आहे.

मूळ पुस्तकांत हे फासे पंचानेंच टाकावे असें सांगितलें होतें. योद्धा होण्याची हौस असलेल्याच्या पदरीं बुद्धि पडावी व बळ पडूं नये, असें सहज घडे. पुढें १९७९ सालच्या पुस्तकांत गायगॅक्सनेंच चार सौम्य रीति सुचविल्या. पहिलींत चार फासे टाकून सर्वांत लहान सोडून द्यावयाचा, आणि आलेले सहा अंक हवे त्या गुणांस वांटावयाचे. चौथींत बारा पात्रें काढून त्यांतलें एक निवडावयाचें. जणूं बारा जन्म पुढें मांडून कोणी विचारावें कीं, 'बोल, यांतला कोणता घेतोस?' चार फाशांच्या रीतीनें सरासरी साडेदहावरून सव्वाबारांच्या आसपास जाते. परंतु दोन खेळाडूंमधील अंतर त्यानें फारसें घटत नाहीं. सर्वांस थोडें थोडें वर उचलणें आणि सर्वांस सारखें करणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें दयाळू माणसें वारंवार विसरतात.

समतेचा आग्रह धरणारांनीं म्हणून फासेच बाजूस ठेविले. २०१४ सालच्या पांचव्या आवृत्तींत एक पर्याय असा आहे कीं, प्रत्येकानें सहाहि गुणांत आठ हा अंक घ्यावा व सत्तावीस गुणांचें भांडवल खर्चून ते वाढवावे. तेरापर्यंतच्या प्रत्येक पायरीस एक गुण, आणि चौदा व पंधरा यांच्या पायरीस दोन दोन. पंधराच्या वर विक्री नाहीं. ज्यास हा हिशेब नको, त्यास १५, १४, १३, १२, १०, ८ हे तयार अंक मिळतात. त्यांची किंमत त्याच कोष्टकाप्रमाणें बरोबर सत्तावीस भरते. येथें कोणी कोणाचा हेवा करावा असें कांहीं उरत नाहीं. मात्र कोणास कांहीं अनपेक्षितहि मिळत नाहीं.

गेल्या वर्षीं आमच्या कांहीं विद्यार्थ्यांचा हा खेळ पाहण्याचा योग आला. त्यांनीं फाशांचीच रीत पसंत केली होती. एका मुलीच्या पात्रास सहांतले चार अंक नवाच्या आंत आले. "पुन्हां टाक," असें सोबत्यांनीं म्हटलें. "पडलें तें पडलें," असें म्हणून तिनें तेंच दुबळें पात्र घेतलें, व असें वठविलें कीं शेवटीं सर्वांच्या लक्षांत तेंच राहिलें. हाच खरा पुरुषार्थ, विकत घेतलेल्या समतेहून हा थोर, असें आम्ही मनांत म्हटलें.

परंतु घरीं परततांना आम्हांस गांवच्या शाळेंतील एक सोबती आठवला. गणितांत तो आमच्याहून सरस होता. चौथीनंतर त्याच्या बापानें त्यास शेतावर नेलें. आमचे वडील शिक्षक होते, म्हणून आम्ही पुढें शिकलों. 'पडलें तें पडलें' असें त्यानें कधीं म्हटलें कीं नाहीं, देव जाणे. त्याच्या वतीनें आम्हीच तें इतकीं वर्षें म्हणत आलों.

त्या मुलीचें वाक्य व आमचें वाक्य एकच. मग तिचें उदात्त व आमचें निर्लज्ज कां? तिनें फासे टाकण्यापूर्वीं नियम मान्य केला होता. नको असता तर ती उठून जाऊं शकत होती. तिच्या दुबळ्या पात्रासहि पंच कथेंत काम देत होता. आणि रात्रीं खेळ संपल्यावर तिची भाकरी त्या अंकांवर अवलंबून नव्हती. यांतलें कांहींहि आमच्या सोबत्यास मिळालें नाहीं. दैव शिरोधार्य मानण्याचा अधिकार ज्याचें त्यास असतो. दुसऱ्याचें दैव त्याच्या वतीनें मानण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.

जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्ववेत्त्यानें १९७१ सालच्या आपल्या ग्रंथांत म्हटलें आहे कीं, निसर्गानें केलेली वांटणी स्वतः न्याय्यहि नसते व अन्याय्यहि नसते. समाजाच्या संस्था त्या वांटणीचें पुढें काय करितात, तेथें न्याय-अन्याय सुरू होतो. आम्हांस वाटतें, त्या खेळांतील कोष्टक हेंच शिकवितें. तेथें बळ, बुद्धि, काटकपणा, सर्व एका भावानें मिळतात. आमच्या संसारांत बुद्धीस पगार व मान, आणि उन्हांत राबणाऱ्या काटकपणास रोजंदारी. फासे कोणी टाकले तें आम्हांस ठाऊक नाहीं. पण हा भाव मनुष्यांनीं ठरविलेला आहे, आणि ज्यांस तो लाभदायक झाला त्यांनींच तो जपलेला आहे. आम्ही त्यांतलेच एक.

फाशास दोष देतां येत नाहीं; कोष्टकास देतां येतो, व तें बदलतांहि येतें. मराठींत फाशाचें पडणें व दुसऱ्यास देणें या दोहोंस 'दान' हा एकच शब्द आहे. ज्यास पहिलें दान बरें पडलें, त्याच्यावर दुसऱ्याचें ऋण आहे, एवढें तरी या शब्दानें आम्हांस सुचवावें.