वाऱ्याची जागा

आगरदांड्याच्या धक्क्यावर जंगलजेटीत गाडी चढवायची आणि राजपुरी खाडी ओलांडून दिघीला उतरायचं. एका अंगाला बंदराच्या क्रेना, दुसऱ्या अंगाला भर पाण्यात बसलेला जंजिरा आणि मधे कोळ्यांच्या होड्या. दर माघात एक बाई आठ-दहा विद्यार्थी घेऊन इथे येत. सगळे त्यांना ताई म्हणत. सकाळी योगसूत्रं, दुपारी थोडी आसनं, संध्याकाळी ध्यान असा त्यांचा आठवड्याचा वर्ग. खाडीकाठच्या एका घराची वरची ओसरी त्यासाठी ठरलेली असे.

ताई लोणावळ्याच्या कैवल्यधामात शिकलेल्या. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ही संस्था काढली, तेव्हा उड्डियान आणि नौली करताना पोटातला दाब किती उतरतो हे त्यांनी यंत्र लावून मोजलं, क्ष-किरणांखाली पाहिलं आणि जे दिसलं ते संस्थेच्या ‘योगमीमांसा’ नियतकालिकात छापलं. ताईंच्या शिकवण्यात ती शिस्त मुरली होती. काय घडलं ते सांगायचं, काय घडलंसं वाटलं ते वेगळं सांगायचं आणि दोन्हींची वहीत नोंद करायची.

पहिल्या दिवशी त्या सगळ्यांना खाडीच्या आतल्या टोकाला, मांदाडजवळच्या कुडा लेण्यांवर नेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास खोदायला घेतलेल्या सव्वीस गुंफा. भिक्षूंच्या कोनाड्यांत, दगडी बाकांवर आता वटवाघळं असतात. ताई तिथे ध्यान करायला सांगत नसत. त्या शिलालेखांपाशी उभं करून दात्यांची ओळख करून देत: ही गुंफा माळ्याच्या मुलाने दिली, ही लोखंडाच्या व्यापाऱ्याने, ही वैद्याने. एवढं सांगून त्या पायऱ्या उतरायला लागत. का सांगितलं, ते कोणी विचारत नसे.

त्या वर्षीच्या वर्गात पुण्याचा एक तरुण होता. स्वतःचे योगवर्ग चालवायचा, महिनाभर ऋषिकेशला राहून आला होता, वाचनही चांगलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो म्हणाला, ‘‘ताई, यम-नियम आम्ही सगळे शिकून आलोय. माझे विद्यार्थी आता तंत्राबद्दल विचारतात. इथून ते घेऊन जायचंय.’’

त्याच्या मागण्यात वावगं काही नव्हतं. तंत्र म्हटलं की मराठी माणूस उगाच दचकतो. आपल्याकडे नाथपंथाने ही विद्या शेकडो वर्षं सांभाळली. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना, त्यांच्याकडून ज्ञानेश्वरांना ती मिळाली आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी कशी जागी होते हे १२९० साली मराठीत, सगळ्यांसमोर सांगितलं गेलं. अगदी परवापरवापर्यंत मुंबईत खेतवाडीतल्या एका माळ्यावर, बिडीचं दुकान चालवलेले निसर्गदत्त महाराज नवनाथांच्या परंपरेतलं ज्ञान देशोदेशीच्या माणसांना मराठीतून सांगत होते आणि शेजारी बसलेला कोणी ते इंग्रजीत करत होता. ज्याला हवं त्याला ते मिळावं, असंच मला वाटतं. काळजी वाटते ती एवढ्याचीच, की घेणारा आपल्याला हवा तेवढा तुकडा कापून नेतो आणि पुढे तोच अख्खा म्हणून शिकवतो.

ताई म्हणाल्या, ‘‘देईन. आधी आजचं सूत्र होऊ दे.’’

सूत्र योगसूत्रांच्या साधनपादातलं होतं. अहिंसा, सत्य वगैरे पाच यम जेव्हा जाती, देश, काळ आणि समय यांच्या मर्यादा ओलांडतात तेव्हा त्यांना महाव्रत म्हणायचं, असं पतंजली सांगतो. व्यासांच्या नावावर असलेल्या भाष्यात या चारही मर्यादांची उदाहरणं आहेत. कोणी म्हणतो मी तीर्थक्षेत्री मारणार नाही. त्याच्या अहिंसेला देशाची मर्यादा. कोणी चतुर्दशीला मारत नाही, ती काळाची. कोणी फक्त देवाब्राह्मणांसाठी मारतो, एरवी नाही; ती समयाची, म्हणजे ठरवून घेतलेल्या प्रसंगाची. आणि या सगळ्यांच्या आधी, जातीच्या मर्यादेला, पहिलं उदाहरण येतं ते मासे मारणाऱ्याचं: तो हिंसा करतो ती माशांचीच, दुसऱ्या कशाची नाही.

तरुणाने ओसरीच्या कठड्यावरून खाली पाहिलं. खाली बोंबील वाळत होते. ‘‘भाष्यकारांनी दिघी पाहिली असावी,’’ तो म्हणाला. सगळे हसले.

ताई हसल्या नाहीत. ‘‘उदाहरणं चार आहेत. तुम्हाला पहिलं दिसलं, कारण ते खाली वाळतंय. बाकीच्या तिघांची घरं पुण्या-मुंबईत आहेत. वह्या काढा. जाती, देश, काळ, समय. प्रत्येकाने स्वतःच्या चार ओळी लिहायच्या. माझी अहिंसा कुठे कुठे थांबते. शेवटच्या दिवशी वाचू.’’

तरुणाने पहिल्या ओळीत ‘डास’ लिहिलं. दुसरी-तिसरीही कशीबशी भरली. चौथी कोरी राहिली.

खालचा मांडव शेजारच्या कोळीण मावशींचा. वाशांवर आडव्या दोऱ्या ताणलेल्या आणि त्यांवर बोंबील. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची; गाठ नको, खिळा नको. ओला बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. पहिले दोन दिवस त्याला सारखा वारा लागला तर तो वाळतो, नाहीतर सडतो. जमिनीवर जुन्या जाळ्यात जवळा पसरलेला, आणि मावशी व त्यांची सून आळीपाळीने काठी घेऊन कावळ्यांवर नजर ठेवून. दुपार कलली की समुद्रावरून खारा वारा सुटायचा आणि तो सगळा वास ओसरीवर चढायचा, बरोबर ध्यानाच्या वेळेला.

पहिल्या संध्याकाळी तरुणाला बसवलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी तो मधूनच उठला. तिसऱ्या सकाळी खाली उतरून मावशींकडे गेला.

‘‘मावशी, हा मांडव जरा वाडीच्या मागे नेता येईल का? संध्याकाळी ताईंच्या वर्गाला त्रास होतो.’’

‘‘तिकडं वारा नाय रं बाबा.’’

‘‘तीन-चार दिवसांचाच प्रश्न आहे. हवं तर पैसे देतो.’’

मावशींनी काठी खाली टेकली. ‘‘पैसं कशाला? बायला तरास व्हतो म्हंतोस ना? नेतांव आमी.’’

सासू-सुनांनी वासे उपटले, दोऱ्या गुंडाळल्या, बोंबील पाट्यांत भरून डोक्यावरून वाडीपलीकडच्या खोलगट जागेत नेले. चार-पाच खेपा तरी झाल्या असतील. तरुण त्या वेळी गच्चीवर सूर्यनमस्कार घालत होता.

संध्याकाळी वारा आला तो नुसता खारा. तरुण बसला. श्वास बारीक होत गेला. विज्ञानभैरव या तंत्रग्रंथात एकशे बारा धारणा आहेत. त्यांतली पहिली श्वास जिथे वळतो त्या दोन जागांवर लक्ष ठेवण्याची. हे त्याने कितीदा वाचलं होतं, शिकवलंही होतं. त्या संध्याकाळी ती वळणाची जागा त्याला सापडली. ती रुंद होत गेली आणि ‘मी बसलोय’ ही जाणीवही तिथे उरली नाही. डोळे उघडले तेव्हा जंजिऱ्यामागचं आभाळ काळं झालं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं.

तो ताईंकडे गेला तेव्हा त्याचा गळा भरून आला होता. इतकी वर्षं ज्याबद्दल बोललो ते घडलं, असं तो म्हणाला. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना मनापासून आनंद झाला होता, तो चेहऱ्यावर दिसत होता.

‘‘कधीपासून?’’

‘‘कालपासून.’’

‘‘काल काय बदललं?’’

तो थोडा थांबला. ‘‘तो वास गेला, ताई.’’

‘‘कुठे गेला?’’

त्याने सांगितलं. ताईंनी पायांत चपला सरकवल्या आणि वाडीच्या मागे निघाल्या. तो मागोमाग गेला.

त्या खोलगट जागेत पान हलत नव्हतं. मांडव ठेंगणा उभारावा लागला होता, त्यामुळे खालच्या दोरीवरचं कुत्र्यांनी ओढून नेलं होतं. वरचे बोंबील पिवळे पडून लिबलिबीत झाले होते, माश्या घोंघावत होत्या. मावशी उकिडव्या बसून निवडत होत्या. एका हाताने उचलायचं, बोटांनी दाबून पाहायचं, डावीकडे किंवा उजवीकडे टाकायचं. उजवीकडचा ढीग मोठा होता.

‘‘मावशी, इथे का आणलंत हे?’’

मावशींनी वर पाहिलं. ‘‘तूच सांगितलंस ना बाय?’’

ताई गप्प राहिल्या. उत्तर देणं त्यांचं काम नव्हतं.

‘‘त्यांनी नाही,’’ तरुण म्हणाला. ‘‘मी सांगितलं. त्यांचं नाव घेऊन.’’

‘‘असा व्हय.’’ मावशींनी हातातला बोंबील उजवीकडे टाकला. ‘‘ह्यो आता नारलाच्या आळ्यात जाईल. वादलात झाडं पडली, नवी लावलीत, त्यांना खत हुईल.’’ जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या वाड्या झोपवल्या, त्याच्या खुणा अजून होत्या.

तरुणाने पाकीट काढलं. मावशींनी ते नाकारलं नाही. त्यांनी ढिगाकडे बघून मनात हिशेब केला आणि आकडा सांगितला. ‘‘नुसकान तुज्यानं झालं, भरून दे. पन सूनची पाठ धरलीय दोन दिस, तिचं काय लावशील?’’ त्याला उत्तर सुचलं नाही. मावशींनीच सुनेच्या मजुरीचा आकडा त्यात मिळवला.

परतताना त्याने विचारलं, ‘‘ताई, मग ते ध्यान खोटं होतं का?’’

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण उत्तर सोपं करण्याचा मोह शिकवणाऱ्याला इथेच होतो. ‘खोटं होतं’ म्हटलं की शिष्य खाली मान घालतो आणि गोष्ट मिटते.

ताई म्हणाल्या, ‘‘नाही. श्वास स्थिरावला होता तर स्थिरावलाच होता. घडलेलं नाकारायचं नाही. पण प्रयोगाच्या वहीत निरीक्षण लिहिताना ते कोणत्या परिस्थितीत झालं तेही लिहावं लागतं. तू निरीक्षण लिहिलंस, परिस्थिती सोडून दिलीस. उद्या हेच तुझ्या विद्यार्थ्यांना शिकवशील, तेव्हा तेही ती सोडून देतील.’’

दुसऱ्या दिवशी सकाळचा वर्ग झाला नाही. सगळ्यांनी मिळून वासे पुन्हा मूळ जागी रोवले. रात्री होडी आली होती, ताजे बोंबील होते. मावशींनी तरुणाला जबड्यात जबडा अडकवायला शिकवलं. पहिले कित्येक निसटून वाळूत पडले. हाताला बुळबुळीत चिकटा बसला, तो साबणानेही जाईना. काम करता करता त्याने मावशींना भीत भीत विचारलं, इतका जीव मारताना काही वाटत नाही का.

‘‘जून-जुलय होड्या वर असतात,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘तवा तिच्या पोटात गाबोली असते. नारली पुनवेला दर्याला नारल दिल्याबिगर आमी जात नाय. बाकी पोट हाय ना, बाबा.’’ सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते. मावशींनी सरकारचं नाव घेतलं नाही. तरुणाने हे ताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘भाष्यात लिहिलंय ते लिहिलंयच. तिच्या अहिंसेला मर्यादा आहे. ती कुठे आहे हे तिला मात्र ठाऊक आहे.’’

आणि त्याच संध्याकाळी, वास पुन्हा ओसरीवर चढत असताना, ताईंनी तंत्र शिकवायला घेतलं. कुलार्णवतंत्रात माणसाला बांधणारे आठ पाश सांगितले आहेत: घृणा, शंका, भय, लज्जा, जुगुप्सा, कुल, शील, जाती. ताईंनी पहिल्या शब्दापाशी बोट ठेवलं. किळस. तंत्रातल्या पंचमकारांतला मत्स्य पुस्तकात वाचताना अंगावर रोमांच येतात, त्या म्हणाल्या. तो खाली वाळतोय. आज श्वासाच्या वळणावर जाऊ नका. वास येईल तेव्हा ‘घाण’ हा शब्द मनात उठण्याआधी जे क्षणभर असतं, तिथे लक्ष ठेवा. सापडलं नाही तर सापडलं नाही म्हणून लिहा. तरुण तासभर बसला. त्याला काहीही सापडलं नाही, मान आखडली, दोनदा मळमळलं. त्याने ते तसंच लिहिलं, तारीख आणि वाऱ्याच्या दिशेसकट.

शेवटच्या सकाळी चार-चार ओळींचं वाचन झालं. मुंबईच्या एका बाईंनी वाचलं: देश, घराबाहेर; घरात स्वयंपाकाच्या मावशी उशिरा आल्या की माझ्या तोंडाला धरबंध राहत नाही. एका निवृत्त गृहस्थांनी वाचलं: काळ, संकष्टी आणि एकादशी. कोणी हसलं नाही. तरुणाने आपली वही उघडली. चौथी ओळ आता भरलेली होती.

‘‘समय,’’ त्याने वाचलं. ‘‘माझं ध्यान चांगलं लागत असेल, ती वेळ सोडून.’’

ताईंनी ऐकलं, पान उलटलं आणि पुढचं सूत्र काढलं. ते नियमांचं, आणि नियमांत पहिलं येतं शौच. अजून कोणाच्याच हातांचा वास गेला नव्हता. ‘‘वह्या मिटू नका,’’ ताई म्हणाल्या. ‘‘स्वच्छता म्हणजे काय, हे आज तुम्ही सांगायचं. मी लिहून घेते.’’