मोजणी आणि न्याय

गेल्या वर्षीं आमच्या गांवाकडील शेताची मोजणी झाली. माझें आयुष्य महाविद्यालयांत तर्कशास्त्र शिकविण्यांत गेलें. शेतीशीं माझा संबंध वर्षांतून दोन दिवस गांवीं जाऊन येण्यापुरताच. परंतु धाकट्या भावाचा आग्रह पडला म्हणून त्या दिवशीं मी बांधावर जाऊन उभा राहिलों. मोजणीदारानें साखळी आणली नव्हती. त्याच्या हातांत माणसाहून किंचित उंच असा एक दांडा होता व त्याच्या शेंड्यावर उपड्या वाडग्यासारखें एक यंत्र बसविलेलें होतें. ह्यास रोव्हर म्हणतात, असें त्यानें सांगितलें. दांडा टेकावा, क्षणभर थांबावें, आंकडा टिपावा आणि पुढें जावें, असें करीत त्यानें दुपारच्या आंत हद्द पुरी केली. मग जुन्या टिपणाशीं ती ताडून पाहून तो शांतपणें म्हणाला, "बांध पूर्वेकडे सरकला आहे. ह्या टोकाला साधारण एक मीटर." पूर्वेकडे म्हणजे माझ्या चुलत काकांच्या जमिनींत.

ह्या एका वाक्यानें माझ्या मनाची काय अवस्था झाली, हें समजावयास थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. माझे वडील मरेपर्यंत असें समजत आले कीं, त्यांचे हे चुलतबंधु दरसाल नांगराच्या फाळानें आमचा बांध कोरतात. ह्या समजुतीपायीं दोन घरांचें बोलणें तुटलें, लग्नकार्यांतलें जाणेंयेणें बंद झालें. आणि आतां यंत्र सांगत होतें कीं, बांध कोरला गेला असलाच तर तो आमच्याच नांगरानें. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनांत घोळत आहे. मोजणी अचूक झाली म्हणजे न्याय झाला काय?

अचूकतेसाठीं मनुष्यानें केलेले कष्ट क्षुद्र लेखण्याजोगे नाहींत. 1802 सालीं विल्यम लॅम्ब्टन यानें मद्रासजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. त्याचें कोन मोजण्याचें यंत्र सुमारें अर्धा टन वजनाचें होतें. तें डोंगरांवर आणि देवळांवर चढवीत तो उत्तरेकडे सरकत राहिला, आणि 1823 सालीं आपल्या वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें वारला. पुढें 1835 पासून गोल्डस्मिड व विंगेट यांच्या खटपटीनें इंदापूर तालुक्यांत जी पाहणीची व जमाबंदीची पद्धति रुजली, ती मुंबई इलाख्यांत पसरली. त्या पाहणीची साखळी 33 फुटांची. एका साखळीचा चौरस तो गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. हा हिशेब खेड्यांतील निरक्षर कुणब्यालाही आजवर पाठ आहे.

आतांच्या यंत्राची रीत निराळी. सुमारें 20,000 किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपापली वेळ सांगत असतात, आणि तो संदेश पोंचावयास किती काळ लागला यावरून यंत्र अंतर काढतें. सेकंदाच्या एक अब्जांश भागांत प्रकाश 30 सेंटिमीटर जातो. म्हणजे घड्याळाची तेवढी चूक झाली तरी अंतर फूटभर चुकलें! शिवाय वातावरणाचे वरचे थर संदेशाला विलंब लावतात तो वेगळाच. म्हणून एकटें यंत्र मीटर-दोन मीटर, कधीं त्याहूनही अधिक चुकतें. ह्यावर योजलेला उपाय मोठा मार्मिक आहे. भारतीय सर्वेक्षण विभागानें ठिकठिकाणीं कायमचीं स्थानकें उभारलीं आहेत, व त्यांची जागा आधींच सूक्ष्मपणें ठरविलेली आहे. स्थानकही तेच उपग्रह ऐकतें आणि तेंही चुकतें. परंतु आपण वस्तुतः कोठें आहों हें त्यास ठाऊक असल्यामुळें आपली चूक किती, हें तें जाणतें, आणि ती दुरुस्ती मोबाइलच्या जाळ्यावरून शेतांतील यंत्रास कळवितें. जवळ जवळ असणाऱ्या दोघांची चूक बहुतांशीं सारखीच असते. म्हणून एकाची दुरुस्ती दुसऱ्यास लागू पडते, आणि मीटरांची चूक सेंटिमीटरांवर येते.

ह्या व्यवस्थेंत मला एक नीतितत्त्व दिसलें. शेजारी एकाच आकाशाखालीं राहतात, आणि त्यांच्या चुकाही एकाच जातीच्या असतात. जमिनीचा लोभ, नांगर वळवितांना होणारी ढिलाई, आपल्या घरचें तें खरें मानण्याची खोड, ह्या गोष्टी आमच्या घरांत होत्या तशा काकांच्याही घरांत असतील. परंतु आम्हीं आपल्यालाच स्थिर स्थानक मानलें आणि सारी चूक बांधापलीकडे लोटली. वास्तविक स्थानकही स्थिर नसतें. भारताचा भूखंडच दरसाल सुमारें पांच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत आहे. स्थानक सरकतें, शेत सरकतें, बांधही सरकतो; टिकतें तें केवळ त्यांचें परस्परांतलें नातें. मालकीचेंही असेंच नाहीं काय? हद्द म्हणजे दोन शेजाऱ्यांमधील नातें होय.

कोणी म्हणेल, हें तत्त्वज्ञान राहूं द्या. यंत्र अचूक असलें तरी ज्या नोंदीशीं तें ताडावयाचें ती साखळीच्या काळची. ही शंका रास्त आहे. दहा हजारांस एक ह्या प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ ओढली, तर जमिनीवर ती पांच मीटर रुंद होते. म्हणूनच आम्हीं केवळ आंकड्यावर विसंबलों नाहीं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सीमावादाचें प्रकरण आहे. हद्दीवर वृक्ष लावावेत, आणि दगड, कोळसे, खापऱ्या अशा न कुजणाऱ्या खुणा गुप्तपणें पुरून ठेवाव्यात, असें तेथें सांगितलें आहे. साक्षीदारांनीं डोक्यावर माती घेऊन शपथ घ्यावी, असेंही त्यांत आहे. आम्हीं डोक्यावर माती घेतली नाहीं, पण टिपणानें दाखविलेल्या जागीं ती खणली. हातभर खोलीवर हद्दीचा जुना दगड लागला. यंत्राच्या आंकड्यांत आणि त्या दगडांत चार बोटांचेंही अंतर नव्हतें.

सत्य कळलें, आतां कर्तव्य ठरवावयाचें होतें. माझा पुतण्या वकील आहे. तो म्हणाला, "काका, 1963 चा मुदतीचा कायदा पाहा. बारा वर्षें उघडपणें आणि मालकाच्या हक्काविरुद्ध कबजा राहिला, तर मूळ मालकाचा दावा बुडतो. ती पट्टी आतां आपलीच म्हणतां येईल." त्याचें म्हणणें न्यायालयांत टिकलें असतें कीं नाहीं, हें मी ठरवूं शकत नाहीं. पण असल्या कायद्यास मी अनीतीचा म्हणणार नाहीं. वाद पिढ्यान्‌पिढ्या चालूं नयेत म्हणून समाजाला कोठें तरी थांबावें लागतें. मात्र कायदा मला ती पट्टी ठेवूं देईल. ठेवच, असें तो सांगत नाहीं. ठेवावी कीं द्यावी, ह्याचें उत्तर यंत्राजवळ नव्हतें, दगडाजवळ नव्हतें आणि कायद्याजवळही नव्हतें. तें आम्हां दोघां भावांनाच द्यावयाचें होतें.

आम्हीं बांध मागें घेतला. संध्याकाळीं मी काकांच्या घरीं गेलों. ते आतां पंचाऐशींच्या पुढें आहेत. सर्व ऐकून घेऊन ते बराच वेळ गप्प बसले, आणि मग म्हणाले, "मातीचं काय रे, ती आज ना उद्यां मिळाली असती. तुझा बाप मात्र मला चोर समजून गेला."

ह्यावर मजजवळ उत्तर नव्हतें, आणि आजही नाहीं. परंतु परततांना एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. दोन हातांची चूक दाखवावयास आकाशांतील उपग्रह नकोच होते; साखळीनेंही ती दिसली असती. वडिलांच्या हयातींत कोणत्याही वर्षीं मोजणीचा अर्ज करतां आला असता. तो आमच्या घरानें केला नाहीं, कारण आपलें खरें आहे ह्याविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नव्हती. आपण चुकलों असूं, अशी शंका ज्याला येते तोच मोजणीदाराला बोलावितो. ती शंका आमच्या घरांत यावयास एक पिढी लागली, आणि तोंवर ज्याला ती दुरुस्ती कळावयास हवी होती तो माणूस निघून गेला होता.