वासना कुणाची, भूत कुणाचं

नारायण धारपांच्या कादंबऱ्या मी रद्दीतून आणून वाचल्या. रात्रपाळीच्या सुट्टीत, गिरणीच्या आवारात. वाडा, माजघर, तळघर, पिढीजात शाप. आमच्याकडं ह्यातलं काय होतं? पत्र्याची एक खोली. तरी मी भ्यालो. ज्याला वाडाच नाही त्याला वाड्याचं भय घालायचं, ही लेखणीची ताकद मानलीच पाहिजे. पण भय घालता घालता ती वाडा हवासाही करते. तळघरात भूत राखणीला बसलंय, म्हणजे तळघरात काहीतरी आहे!

आपल्याकडं भूत होतं ते वासना राहिली म्हणून. पिंडाला कावळा शिवला नाही की घरचे विचारतात, काय राहिलं बाबा तुझं? मुंजा म्हणजे मुंज झालेला, लग्नाआधी मेलेला पोरगा. त्याची इच्छा एवढी मोलाची की पिंपळावर कायमची जागा! आमच्यात मुंज कुठली? आमचा आज्जा गावच्या मौतीचा सांगावा न्यायचा, सरणाची लाकडं वाहायचा, मढ्यावरचं कापड त्याच्या वाट्याचं. मसणवट्याला भिऊन त्याचं भागलंच नसतं. त्याच्या काय थोड्या इच्छा राहिल्या असतील? त्या कुठल्या झाडावर बसल्या, एकाही भूतकथेनं सांगितलं नाय. आणि जिवंत माणसाला भिणारेही होतेच की. पेशवाईत अस्पृश्याच्या सावलीचा विटाळ धरत, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवलंय. भुताला सावली नसते म्हणतात. ही सावली तर हाडामांसाच्या माणसाची होती.

धारपांच्या एका कथेचा धागा घेतलेला 'तुंबाड' सिनेमा २०१८ साली आला. त्यातला विनायक जिवावर उदार होऊन हस्तरच्या लंगोटीतलं सोनं ओढतो. पोट भरलं तरी ओढतच राहतो. अण्णाभाऊ साठ्यांच्या 'स्मशानातील सोनं' ह्या कथेतला भीमाही रात्रीच जातो, सोन्यासाठीच. खाण बंद पडली म्हणून तो मढी उकरतो, कोल्ह्यांशी झुंजतो. दोघांनाही सोनंच पाहिजे. मग दोघांच्या हावेला एकच नाव द्यायचं का? मी देणार नाय. विनायकाचं सोनं पेटीत जातं, भीमाचं दाण्याच्या डब्यात. विटंबना म्हणाल तर ती भीमाच्याच हातून जास्त होते, तरी मला त्याची किळस येत नाही.

शेवटी मढ्याच्या जबड्यात भीमाची बोटं अडकतात. गूढकथावाला इथंच थांबला असता. अण्णाभाऊ पुढं जातात: दोन बोटं जातात, आणि बंद पडलेली खाण सुरू झाल्याची बातमी येते. भीमा पोरासारखा रडतो.

आमच्या सूतगिरणीतही तुटलेला धागा बोटांनीच सांधतात.