व्यासपीठाला रॅम्प

सभागृहाच्या दाराशी हल्ली उतार दिसतो. कुठं सिमेंटचा, कुठं लोखंडी पत्र्याचा, कुठं नुसती फळी टाकलेली, पण दिसतो. त्यावरून व्हीलचेअर आत येते, मधल्या वाटेनं पुढं सरकते आणि पहिल्या रांगेच्या कडेला थांबते. तिथून पुढं व्यासपीठाच्या चार पायऱ्या असतात. त्यांना उतार असलेलं सभागृह मी फार कमी पाहिलं आहे. बांधणाऱ्यानं मनाशी धरलेलं असतं की खुर्चीवरचा माणूस आला तर ऐकायला येईल, बोलायला येणारा आपल्या पायांनी चढेल. आराखड्यात असं कुणी लिहीत नाही, पायऱ्याच ते सांगतात.

यावर आमच्याकडचं उत्तर ठरलेलं आहे. बुऱ्हाणपूर घ्या, रावेर घ्या, जळगाव घ्या, संयोजक मनापासून म्हणतात, ''अहो, काळजी कशाला करता? चार पोरं आहेत, उचलून घेऊ.'' त्यांच्या चांगुलपणाबद्दल शंका नाही. तापीकाठच्या या गावांत दारात आलेल्याला हात द्यायला कुणी मागेपुढे पाहत नाही. पण उचलणं म्हणजे काय होतं, ते खुर्चीवर बसणाऱ्यालाच ठाऊक. एक पोरगा हाताच्या दांडीला धरतो आणि ती दांडी निघणारी असते. दुसऱ्याच्या ढोपराला युरिन बॅगची नळी अडकते. झटका बसला की पाय आपोआप ताठ होतात, थरथरायला लागतात. साडीतल्या बाईची अवस्था मी सांगत बसत नाही. एवढं होऊन माणूस वर पोचला की सभागृह टाळ्या वाजवतं, आणि तो अजून एक शब्दही बोललेला नसतो.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. उचलून वर नेलेल्या माणसाला रागावून खाली उतरता येत नाही. अध्यक्ष काही भलतंच बोलले तरी ती चार पोरं चहा पिऊन परत येईपर्यंत त्याला तिथंच हसऱ्या चेहऱ्यानं बसावं लागतं. सभात्याग हा लोकशाहीतला जुना हक्क, पण तो बजावायला चाकांखाली वाट लागते.

या हक्काचा एक मोठा प्रसंग कॅनडातल्या विनिपेगमध्ये घडला. जून १९८०मध्ये तिथं 'रिहॅबिलिटेशन इंटरनॅशनल' या संस्थेची जागतिक परिषद भरली होती. विषय अपंगांचं पुनर्वसन, आणि बोलणारे बहुतेक डॉक्टर, थेरपिस्ट, समाजकार्यकर्ते, सरकारी अधिकारी. स्वीडनच्या प्रतिनिधींनी ठराव मांडला की संस्थेच्या प्रतिनिधी सभेत निम्म्या जागा स्वतः अपंग असलेल्यांना द्याव्यात. ठराव फेटाळला गेला. तेव्हा तिथं आलेल्या सुमारे अडीचशे अपंग माणसांनी आपली वेगळी बैठक घेतली आणि स्वतःची जागतिक संघटना काढायचं ठरवलं. पुढच्याच वर्षी सिंगापूरला 'डिसेबल्ड पीपल्स इंटरनॅशनल'ची स्थापना झाली. २००६च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारापर्यंत आणि भारताच्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यापर्यंत जी वाट आली, तिचा एक मोठा टप्पा या फेटाळलेल्या ठरावात आहे.

हा इतिहास चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा म्हणून सोडून देता येत नाही. १ नोव्हेंबर २०२१ रोजी ग्लासगोच्या हवामान परिषदेत इस्रायलच्या ऊर्जामंत्री करीन एलहरार यांना त्यांच्या व्हीलचेअरसह आतच जाता आलं नाही. बराच वेळ बाहेर थांबून त्या हॉटेलवर परतल्या. ब्रिटनच्या पंतप्रधानांनी नंतर माफी मागितली. मंत्र्याची खुर्ची होती म्हणून माफी आली. आमच्याकडं तहसीलच्या पायरीशी परत फिरणाऱ्याकडं कुणी माफी मागत नाही, आणि त्यालाही ती अपेक्षित नसते.

आमच्या भागात लकवा झालेल्या माणसाला बोलावणं येतं ते परिषदेचं नव्हे, शिबिराचं. केंद्राची एडिप योजना १९८१ पासूनची. कानपूरच्या एलिम्कोच्या ट्रायसिकली, व्हीलचेअर, कॅलिपर तिच्यातूनच गावोगाव पोचतात. ते काम खोटं नाही. ज्याच्या घरी खुर्चीच नाही त्याला परिषदेचं महत्त्व पटवायला जाणं हा पोट भरलेल्यांचा उद्योग आहे. पण शिबिरात काय होतं ते पाहा. नाव पुकारलं जातं, वस्तू मिळते, फोटो निघतो, टेम्पो निघतो. ही खुर्ची माझ्या कमरेच्या मापाची नाही, हिच्यावर गादी नसेल तर महिन्याभरात बेडसोर होईल, माझ्या घराचं दार दोन फुटांचं आहे, हे सगळं बोलायचं कुणाशी आणि कधी? शिबिरात लाभार्थी असतात. परिषदेत प्रतिनिधी असतात, आणि प्रतिनिधीला कार्यक्रमपत्रिका बदलून मागता येते.

पत्रिका कोण ठरवतं यानं किती फरक पडतो, याचं एक ठोस उदाहरण विज्ञानातलं आहे. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाला काय हवं, असं कुणालाही विचारा, उत्तर येईल, 'चालायला.' सिनेमेही तेच सांगतात. किम अँडरसन या संशोधक बाईंना स्वतःलाच अशी इजा झालेली. त्यांनी ६८१ जणांना सरळ विचारलं की तुमच्या आयुष्यात सगळ्यांत जास्त फरक कशानं पडेल. २००४मध्ये उत्तरं प्रसिद्ध झाली. हातपाय चारही गेलेल्यांनी सगळ्यांत आधी मागितले हात. कमरेखालचं गेलेल्यांनी आधी मागितलं लैंगिक जीवन. लघवी आणि शौचावरचा ताबाही यादीत वरच होता. चालणं दोन्ही गटांत पहिलं आलं नाही. (आपल्याकडं यातले दोन शब्द माइकवर उच्चारले तर मागच्या रांगेतले काका पाणी प्यायला उठतील. उठू देत.) संशोधनाचा पैसा कुठं जावा, हा प्रश्न त्यानंतर वेगळ्या तऱ्हेनं विचारला जाऊ लागला. अमेरिकेत तर इजा झालेली माणसं आणि प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ एकाच सभागृहात बसतात अशा परिषदा भरतात, आणि तिथं शास्त्रज्ञाला विचारलं जातं, ''हे उंदराला झालं ते ठीक, माझ्या कॅथेटरचं काय?''

मराठी मुलुखात असं एकत्र येण्याचं बळ उभं राहिलं ते मुख्यतः दोन ठिकाणी. एक पुण्याजवळ खडकीला. तिथलं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४पासूनचं, कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी. त्याच्याही आधी, १९७२मध्ये, १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात पहिले आले. भारताचं ते पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडावं लागलं, आणि घरोघरी नाव पोचायला सिनेमा यावा लागला. दुसरं ठिकाण कोल्हापूर. ऐन तरुणपणी पाय गेलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' सुरू केलं. वसतिगृह झालं, शाळा झाली, सिंधुदुर्गात काजूचा कारखाना झाला. त्यांचं 'चाकाची खुर्ची' मराठी वाचकांना माहीत आहे. त्याच कोल्हापुरात राहून चाकाच्या खुर्चीवरून लिहिणाऱ्या सोनाली नवांगुळ यांना २०२०चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. या नावांकडं प्रेरणा म्हणून बोट दाखवायची आपल्याला सवय आहे. मला त्यांच्यात वेगळं दिसतं. या माणसांना आपल्यासारखी माणसं भेटली, एका छपराखाली, रोज. कुठल्या खुर्चीचा बेअरिंग टिकतो, कुठला डॉक्टर ऐकून घेतो, नवऱ्याला काय सांगायचं, साहेबाला काय सांगायचं, हे शहाणपण असं एकमेकांत फिरतं.

बुऱ्हाणपूरच्या माणसाला ते छप्पर लांब पडतं. भुसावळ रेल्वेनं तासाभरावर, पण खडकी नि कोल्हापूर म्हणजे रात्रभराचा प्रवास. आणि प्रवास म्हणजे दिव्यांगांचा डबा कुठं लागेल याचा अंदाज घेत फलाटाच्या टोकाला जायचं, गाडी थांबते तेवढ्या मिनिटांत चढायचं. त्यात मध्ये राज्याची सीमा, बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात. आमच्यासारखी घरी मराठी, बाजारात हिंदी बोलणारी माणसं योजनांच्या बाबतीत भोपाळची, नात्यागोत्यानं जळगावची. महाराष्ट्रानं २०२२मध्ये दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं काढलं त्याची बातमी आम्ही वाचली ती शेजाऱ्याच्या घरच्या लग्नाची पत्रिका वाचावी तशी.

म्हणून माझं म्हणणं, लकवा झालेल्यांची स्वतःची परिषद बुऱ्हाणपूरलाच भरवावी. येणारे ठाऊक आहेत: माडीवरून नाहीतर झाडावरून पडलेले, केळीच्या ट्रकवरून घसरलेले, मोटारसायकलवाले, पॉवरलूमवर काम करता करता एका सकाळी तोंड वाकडं झालेले, आणि लहानपणी पोलिओ झालेले. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मधला, त्यामुळं ही शेवटची पिढी. ती आपली युक्ती-हुन्नर कुणाला न सांगताच जायची.

तारीख जानेवारीतली. यात हौस नाही. मानेजवळ किंवा छातीच्या वरच्या भागात कणा दुखावला असेल तर त्याखालच्या अंगाला घाम धड येत नाही, आणि तापीच्या खोऱ्यातला मे महिना अशा माणसाला सरळ दवाखान्यात पोचवतो. सुरुवात अकराला. कण्याच्या माणसाचं सकाळचं पोट साफ करण्यातच तास-दीड तास जातो. नऊचं उद्घाटन ठेवलं की निम्मे प्रतिनिधी आपोआप वगळले. सत्र पाऊण तासाचं, आणि मध्ये दर पंधरा-वीस मिनिटांनी सगळ्यांनी हातांवर अंग उचलून बूड मोकळं करायचं, वक्त्यानंसुद्धा. कॅथेटर चार-सहा तासांनी घालावा लागतो. त्यासाठी स्वच्छ, रुंद दाराचं स्वच्छतागृह हवं, खुर्ची आत पूर्ण वळेल एवढं, म्हणजे पाच फूट मोकळी जागा. नळी दुमडून लघवी तुंबली तर वरच्या इजेच्या माणसाचा रक्तदाब एकदम चढतो, जिवावर बेततं. तेव्हा ही सोय स्वागत समितीच्या कामात पहिली, हारतुरे शेवटी. आडवं व्हायला खाटांची एक खोली. सोबत आलेल्या बायकोला, आईला, भावाला वेगळं शुल्क नाही, आणि त्यांच्या कंबरदुखीवर त्यांचं स्वतःचं सत्र. लकव्यानं ज्यांची वाचा गेली त्यांना वेळेची घंटा वाजवायची नाही. शब्द सापडेपर्यंत सभागृहानं थांबायचं. माझ्या मते या परिषदेची खरी परीक्षा तीच, कारण आपल्याकडं सभेत शांत बसणं लोकांना रॅम्प बांधण्यापेक्षा अवघड जातं.

आता व्यासपीठ. नियमानं रॅम्पचा चढ बारास एक. व्यासपीठ तीन फूट उंच असेल तर रॅम्प छत्तीस फूट. मंडपवाला हसेल आणि सहा फुटांची फळी आणून टाकेल. त्या फळीवरून खुर्ची वर जात नाही, उलटी पडते. एका फुटाचं व्यासपीठ केलं तर बारा फुटांत काम होतं, आणि मागच्यांना दिसत नसेल तर त्यांनाच पुढं घ्यावं.

एवढ्याशा उताराचं गणित बुऱ्हाणपूरला शिकवायला नको. लालबागेजवळचा कुंडी भंडारा १६१५च्या सुमाराचा, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळातला. सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, शंभरावर कुंड्यांमधून शहरात आणलं, ना रहाट ना पंप, नुसत्या मंद उतारावर. उतार जास्त झाला असता तर पाण्यानं बोगदा कातरला असता, कमी झाला असता तर ते तुंबलं असतं. चारशे वर्षांपूर्वी जमिनीखाली अंधारात हा हिशेब जमला. जमिनीवर, भर उजेडात, बारास एक जमत नाही, याचं कारण तंत्रात शोधून सापडणार नाही.

कायदा आहे. सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायची मुदत जून २०२२मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगमतेचे नियम नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, किमान मापदंड सक्तीचे हवेत, आणि ते ठरवायला केंद्राला तीन महिने दिले. निकाल उत्तम आहे. पण मंगल कार्यालयाच्या मालकाला निकालाची प्रत दाखवून दार रुंद होत नाही. दीडशे खुर्च्यांची आगाऊ नोंदणी दाखवली तर होण्याची शक्यता बरी. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या माणसाचं इथं ऐकतात. हे शहर यात्रेकरूंची सोय करत आलं आहे. दर्गा-ए-हकीमीला देशोदेशीचे बोहरा येतात, बडी संगत गुरुद्वाऱ्यात पंगती उठतात. पाहुणा काय खातो, कुठं झोपतो, हे विचारायची रीत आहे. त्यात 'दार किती इंच हवं' एवढा एक प्रश्न घालायचा आहे.

भांडणं होतील, व्हायलाच हवीत. पोलिओवाले कण्यावाल्यांना म्हणतील, तुम्ही काल आलात. कण्यावाल्यांतले अर्धे मूलपेशींच्या उपचाराची जाहिरात घेऊन येतील, शेत विकून करावा का, म्हणून विचारतील, आणि ज्यांनी विकलं ते उत्तर देतील. बायका म्हणतील, बाप्यांना लकवा झाला तर बायको मिळते, आम्हाला झाला तर माहेर मिळतं, आधी त्यावर ठराव करा. हे सगळं इतिवृत्तात यायला हवं, सौम्य न करता.

कलेक्टरसाहेबांना बोलवायचं का, यावर संयोजकांत दोन तट पडणार हे आत्ताच दिसतं. बोलवावं. ते पायांवर चालत येतील, त्यांना व्यासपीठाची गरज नाही. पहिल्या रांगेच्या कडेला, जिथं एरवी व्हीलचेअर लावतात, तिथं त्यांची खुर्ची ठेवावी आणि हातात वही द्यावी. माइकचा दांडा मात्र आदल्या रात्रीच खाली करून ठेवायचा. ऐनवेळी तो कधीच कुणाला सैल करता येत नाही.