गीता ऐकलेला अर्जुनही रडला



आजचा श्लोक गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला, 11 वा. भगवंतांचा खरा उपदेश इथूनच सुरू होतो. अर्थ थोडक्यात असा: ज्यांच्यासाठी शोक करायला नको त्यांच्यासाठी तू शोक करतोस आणि वर शहाणपणाच्या गोष्टी बोलतोस, जे खरे जाणते असतात ते गेलेल्यांसाठी शोक करत नाहीत आणि असलेल्यांसाठीही करत नाहीत.

शाळेत पाठांतर स्पर्धेसाठी हा श्लोक पाठ केला होता, तेव्हा फार सोपा वाटला होता. गेल्या श्रावणात बाबा गेले आणि तोच श्लोक घशात अडकायला लागला. दहाव्याच्या दिवशी घाटावर घरातलं एक वडीलधारं माणूस अगदी मायेनं म्हणालं, "अरे, तू रोज गीता वाचतोस, त्यावर लिहितोस. तूच असा कोसळलास तर आईनं कुणाकडे बघायचं?"

त्या वाक्यात दुष्टावा नव्हता. पण प्रश्न राहिला. गीता वाचणाऱ्यानं रडायचं नाही, असं खरंच आहे का? डोळ्यांत पाणी आलं म्हणजे इतक्या वर्षांचं वाचन वाया गेलं का?

याचं उत्तर मला गीतेत मिळालं नाही. ते महाभारतातच, पण गीतेच्या पुढे मिळालं.

गीता सांगितली गेली ती युद्धाच्या पहिल्या दिवशी. अभिमन्यू पडला 13 व्या दिवशी. म्हणजे जगातला सगळ्यात मोठा उपदेश प्रत्यक्ष भगवंतांच्या तोंडून ऐकून अर्जुनाला दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते. त्या दिवशी तो संशप्तकांशी लढायला दूर गेला होता. संध्याकाळी परतताना त्याला छावणी वेगळीच वाटते. वाद्यं वाजत नाहीत. सैनिक त्याला पाहून मान खाली घालतात आणि बाजूला होतात. रोज हसत सामोरा येणारा मुलगा आज येत नाही. द्रोणपर्वातला हा भाग ज्यांनी आपलं माणूस गमावलंय त्यांनी एकदा जरूर वाचावा. घरात पाऊल टाकायच्या आधीच बातमी कशी कळते, ते व्यासांना माहीत होतं.

आणि मग अर्जुन रडतो. मुलाचे केस, डोळे, बोलणं आठवून आठवून रडतो. सुभद्रेला काय सांगू, द्रौपदीला काय सांगू, असं म्हणत राहतो. भावांवर चिडतो, की तुम्ही सगळे तिथे असताना त्याला वाचवता आलं नाही? त्याच्याशी बोलायची हिंमत कुणाला होत नाही. फक्त कृष्ण आणि युधिष्ठिर बोलू शकतात.

आता पाहा, कृष्ण काय करतो. "परवाच तर तुला सगळं समजावलं होतं, 18 अध्याय फुकट गेले का?" असं तो म्हणत नाही. शोक करू नकोस, असं तोही सांगतो, शूरांची वाट हीच असते असंही सांगतो. पण आत्म्याच्या अमरत्वावरचं ते सगळं विवेचन तो पुन्हा उघडत नाही. तो अर्जुनाला आजूबाजूला बघायला लावतो. तुझी ही अवस्था पाहून तुझे भाऊ, तुझे सोबती खचलेत, त्यांना तू धीर दे, असं सांगतो. म्हणजे ज्याला धीर हवाय त्यालाच तो धीर द्यायचं काम देतो. आणि त्याच रात्री स्वतः उठून सुभद्रेचं सांत्वन करायला जातो.

हे वाचलं आणि मला हायसं वाटलं. गीता ऐकलेला माणूसही रडतो, आणि गीता सांगणारा त्याला त्याबद्दल नापास करत नाही.

मग 11 व्या श्लोकाचं काय करायचं? तो खोटा म्हणायचा का? नाही. मला त्यातल्या क्रियापदाचा 'अनु' हा उपसर्ग महत्त्वाचा वाटतो. अनु म्हणजे मागून, मागोमाग. शोक आपल्या मागे लागणं वेगळं आणि आपण शोकाच्या मागे लागणं वेगळं. पहिलं कुणालाच चुकलेलं नाही. दुसरं टाळता येतं, आणि ते शिकायचं असतं. हा माझा अर्थ आहे, व्याकरणाचा आग्रह नाही. पण अर्जुनाची गोष्ट याच अर्थाला धरून चालते.

कारण त्या रात्री अर्जुन फक्त रडत नाही, तो एक प्रतिज्ञाही करतो. उद्या सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्नीत प्रवेश करीन. इथे शोकानं लगाम हातात घेतलाय. आणि रडण्यावर न रागावलेला कृष्ण यावर मात्र स्पष्ट बोलतो: माझ्याशी विचारविनिमय न करता केवढा मोठा भार उचललास! आपल्यालाही हे ओळखीचं असतं. माणूस गेल्यावर पंधरा दिवसांत आपण घर विकायचं ठरवतो, नोकरी सोडायचं ठरवतो, कुणाचं तोंड बघणार नाही असं ठरवतो. अश्रूंनी कुणाचं नुकसान होत नाही, एकट्यानं आणि त्या भरात घेतलेल्या शपथांनी होतं.

पण शपथ घेऊन झाली होती. पुढे कृष्णानं काय केलं, ते माझ्यातल्या इंजिनिअरला फार आवडतं. त्यानं रात्रीच आपला सारथी दारुक याला स्वतःचा रथ सज्ज ठेवायला सांगितलं. शंखाचा विशिष्ट आवाज ऐकलास की ये, म्हणाला. आमच्या भाषेत बॅकअप. सिस्टिम मजबूत म्हणजे ती कधीच पडत नाही, असं आमच्या कामात कुणी समजत नाही. सगळं कधीतरी पडतं. एक भाग पडला तरी बाकीचं उभं राहावं आणि पडलेला भाग परत उठावा, एवढीच अपेक्षा असते. धीराची व्याख्यासुद्धा मला अशीच करावीशी वाटते. धीर म्हणजे कोरडे डोळे नव्हेत, परत उठता येणं.

दुसऱ्या दिवशीची, म्हणजे 14 व्या दिवसाची एक गोष्ट तर मी कितीदा वाचली असेल. सूर्यास्ताची मुदत आहे, समोर अख्खी कौरवसेना जयद्रथाला लपवून उभी आहे, हरलो तर चिता. आणि भर रणात अर्जुनाच्या लक्षात येतं की घोडे दमलेत, त्यांच्या अंगात बाण रुतलेत. तो थांबतो. रथातून उतरतो, बाणांनी जमीन फोडून पाणी काढतो आणि पायी उभा राहून शत्रूला थोपवून धरतो. कृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण काढतो, हातानं चोळतो, त्यांना पाणी पाजतो, चारा देतो. मग पुन्हा रथाला जुंपतो.

इतक्या घाईच्या दिवशी घोड्यांना पाणी! कठोपनिषदात शरीराला रथ आणि इंद्रियांना घोडे म्हटलंय, ते इथे आठवतं. आणि गीतेतच सहाव्या अध्यायाच्या 17 व्या श्लोकात सांगितलंय, की ज्याचं खाणं, फिरणं, काम, झोप आणि जागणं बेतशीर असतं, त्याच्यासाठी योग दुःख दूर करणारा होतो. दुःखावरच्या उपायात जेवण आणि झोप. आत्म्याच्या गोष्टी करताना आपण ही ओळ पटकन ओलांडून जातो.

आपल्या जुन्या माणसांनी मात्र ती ओलांडली नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारचे पिठलं-भात घेऊन येतात. कुणी उपदेश करत नाही. "दोन घास खाऊन घ्या," एवढंच म्हणतात. मला हे आता त्या रणातल्या पाण्यासारखंच वाटतं. ज्याचे घोडे थकलेत, त्याला आधी पाणी.

माझी आई बाबांच्या वेळी रडली नाही. सगळे म्हणायचे, किती खंबीर आहे! पण तिची झोप गेली होती. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात दिवा दिसायचा आणि ती डबे काढून पुसत बसलेली असायची. बाहेरून भिंत उभी होती, आत घोडे कोसळत होते. फॅमिली पेन्शनचा फॉर्म भरायला आम्ही बँकेत गेलो, आणि 'मयत' या शब्दापुढे बाबांचं नाव लिहिताना तिचा हात थांबला. ती तिथेच, काउंटरवर डोकं टेकून रडली. रांग थांबली. काउंटरवरच्या बाईंनी काही न बोलता आपली पाण्याची बाटली पुढे केली. त्या रात्री आई सहा तास झोपली. म्हणून सगळं ठीक झालं असं नाही. नंतर आम्ही डॉक्टरांकडेही गेलो, औषध चालू झालं. पण घरातलं 'खंबीर राहायचं' हे ओझं त्या दिवशी उतरलं.

आपल्या परंपरेतही हे नवं नाही. 1296 साली आळंदीला ज्ञानेश्वर माऊलींनी समाधी घेतली, तेव्हा नामदेव महाराज तिथे होते. त्यांच्या समाधीच्या अभंगांत निवृत्तिनाथांचा शोक आहे. निवृत्तिनाथ म्हणजे थोरले भाऊ आणि माऊलींचे गुरू. ज्यांनी हे ज्ञान दिलं, त्यांचाच बांध फुटला. आणि नामदेवांना ते झाकावंसं वाटलं नाही. त्यामुळे निवृत्तिनाथांची थोरवी आपल्या मनात कणभरही कमी झालेली नाही.

घाटावरच्या त्या प्रश्नाला आज मी एवढंच म्हणेन: आईनं रडणाऱ्या मुलाकडेही बघावं. कदाचित त्यामुळेच तिलाही रडता येईल.

तुमच्या घरात कुणी अलीकडे गेलं असेल, किंवा जाऊन बरीच वर्षं झाली असूनही एखाद्या दुपारी सगळं भरून येत असेल, तर आज तीन गोष्टी करून बघा. रडू आलं तर येऊ द्या, त्यासाठी देवाची माफी मागू नका. कुठलीही मोठी शपथ आज एकट्यानं घेऊ नका. आधी कुणाशी तरी बोला. आणि घोड्यांना पाणी द्या: वेळेवर जेवा, थोडं चाला, अंथरुणाला पाठ टेका. झोप-भूक पार उडाली असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर घरच्यांना आजच सांगा आणि डॉक्टरांकडे जा. दारुकाला रथ तयार ठेवायला सांगण्यात भगवंतांनी कमीपणा मानला नाही, आपण का मानावा?

आणि ज्यांच्या शेजारी असं घर आहे, त्यांनी 11 वा श्लोक आज त्यांना ऐकवू नये. तो त्यांना ठाऊक असतो. डबा घेऊन जावं.

हे माधवा, शोक येणारच असेल तर येऊ दे. लगाम तेवढा तुझ्या हातात राहू दे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥